माणिकअण्णाची नळी

आमच्या गावात कुणाला मूलबाळ नसलं की लोक मागं हळहळत बसत नाहीत. सरळ तोंडावर विचारतात, "मरताना तुझ्या तोंडात पानी कोन घालनार?" विचारणाऱ्याला वाटतं, आपण काळजी करतोय. माणिकअण्णाला हा प्रश्न अर्ध्या गावानं तरी विचारला असेल. तो हसायचा आणि म्हणायचा, "एवढ्या बैलायला म्या पाजलंय, त्यातला एखादा येईल की!" तो गेल्यावर गाव जे बोललं ते मला अजून सोसत नाही. बोलणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही, म्हणून मी हा कागद धरलाय.

गाव दुबलगुंडीच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला आहे. नाव लिहीत नाही, उगाच भांडणं होतात. निजाम गेला, मग म्हैसूर राज्य आलं, चावडीवरच्या पाट्या कानडी झाल्या. पण बैलांशी जो ज्या भाषेत बोलायचा त्याच भाषेत बोलत राहिला. वरच्या अंगाला लिंगायतांची आणि मराठ्यांची घरं, खाली ओढ्याकडं आमचा बौद्धवाडा. आमच्या लोकांकडं पिढ्यान्‌पिढ्या एक काम होतं: गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचं. माणिकअण्णाच्या बापानं जन्मभर तेच केलं. दीक्षा घेतली त्या वर्षी वाड्यानं ठरवलं की यापुढं मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही. गाव चिडलं, दुकानदारानं मीठ-तेल देणं बंद केलं, तरी वाडा हटला नाही. माणिकअण्णा तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याचं नुसत्या ठरावावर समाधान झालं नाही. "बापानं मेलेली वढली, म्या जिती उठवीन," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला, आणि मंठाळच्या एका म्हाताऱ्या धनगराकडं राहून जनावरांना काढा पाजायचं काम शिकून आला.

तिथून येताना त्यानं आणली ती ही नळी. वेळूची, कोपराएवढी, एक तोंड तिरपं तासलेलं आणि दुसऱ्या टोकाला पेर तसंच ठेवून बंद केलेलं. त्यात काढा भरायचा. एकानं शिंगं धरून मान वर करायची, माणिकअण्णानं जीभ बाजूला ओढून नळीचं तिरपं तोंड गालाच्या आत सारायचं आणि ओतायचं. ओवा, गूळ, सुंठ, करडईचं तेल, आणखी काय काय असायचं त्यात. त्याचा हात असा की थेंब सांडत नसे. जनावर बसलं की वरच्या घरांतून हाक यायची, "माणक्याला बलवा रे!" आणि हा जेवत्या ताटावरून उठून जायचा. पैसा घेत नसे. चहा मिळायचा, गोठ्याच्या कोनाड्यात त्याच्यासाठी ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. बैलाच्या तोंडात घातलेला हात चालतो, पण त्याच हातानं धरलेला कप घरात चालत नाही, हे गणित मला लहानपणी कळत नव्हतं आणि मास्तरीण झाले तरी कळलेलं नाही. माणिकअण्णाला राग यायचा की नाही, देव जाणे. "बैल तर इचारत न्हाई की, कुनाचा हात हाय," एवढंच तो म्हणायचा.

त्याची बायको चांगुणाबाई जिभेनं तिखट होती. "बैलाच्या तोंडात हात घालतंय, बायकूशी तोंड उघडत न्हाई," असं ती आमच्या ओसरीवर बसून सांगायची आणि स्वतःच खदखदून हसायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. दुसरं लग्न कर म्हणून माझ्या आईनं त्याच्या फार मागं लागून पाहिलं. तो "बघू" म्हणायचा. त्यानंतर माणसांशी तो कामापुरतं बोलायला लागला. आमच्या कुडाला कूड लागून त्याचं घर होतं. संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग भांडं घासल्याचा, मग काहीच नाही.

आता तिव्याबद्दल, बैलांच्या तापाबद्दल, सांगायला हवं. पाऊस चांगला झाला, ओढा भरून वाहिला, गोठ्यामागं शेणाचा राडा झाला की पोळ्याच्या आगंमागं दिवस मावळताना चिलटं उठतात. डासापेक्षाही बारीक, डोळ्याला नीट दिसतसुद्धा नाहीत. पण बैलाच्या पोटाला, कानाला झोंबली की तो उभ्या जागी पाय आपटत राहतो. मग एखाद्या सकाळी चांगला धडधाकट बैल थरथरायला लागतो. लाळ गळते, अंग तापतं, आधी एक पाय लंगडतो, मग दुसराच लंगडतो, आणि मग तो जो बसतो तो उठत नाही. तिसऱ्या दिवशी बहुतेक बैल आपले आपण उठतात. म्हणून तर त्याचं नाव तिवा. पण आपले आपण उठतात हे कुणाला ठाऊक होतं? माणिकअण्णानं पाजलं आणि तिसऱ्या दिवशी बैल उठला, एवढं दिसायचं. उठला तो नळीमुळं, मेला तो नशिबानं. त्यालाही तसंच वाटायचं, आणि का वाटू नये? बाकी साऱ्या जगात त्याच्याकडं तेवढंच होतं.

सरकारनं ओढ्याकाठची पड जमीन आमच्या लोकांना वाटून दिली तेव्हा त्यालाही एक तुकडा मिळाला. कुणीतरी 'हे जगत न्हाई' म्हणून टाकून दिलेलं एक वासरू त्यानं अंगाखांद्यावर वाढवलं, त्याचं नाव पाखऱ्या. पण एका बैलावर नांगर चालत नाही. आमच्याकडं अशा वेळी सावड करतात: ज्याच्याकडं एकच बैल आहे त्यानं दुसऱ्या तशाच माणसाशी जोडी जमवायची, आणि पाळीपाळीनं दोघांची रानं करायची. माणिकअण्णाची सावड जमली दानम्माशी. दानम्मा वरच्या आळीतली लिंगायत विधवा, तिलाही पोटी काही नाही. तिच्याकडं नवऱ्यामागं राहिलेला एक बैल होता, हिरोजी. कानडी बाई, मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द टाकायची. हा तिला अक्का म्हणायचा, ती ह्याला अण्णा. तिच्या बांधावर दोघं दोन टोकांना बसून आपापली भाकरी खायची आणि बोलायची ती फक्त बैलांबद्दल. तरी पण मला वाटतं, त्या दोघांना दिवसभरात दुसरं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते बोलणंच पुष्कळ होतं.

आणीबाणीच्या साली पाऊस अंगावर आल्यासारखा पडला. पोळा झाला आणि घरोघर बैल बसायला लागले. माणिकअण्णाच्या पायाला दम नव्हता. अशात एका सकाळी दानम्माचा हिरोजी बसला. ती स्वतः आमच्या वाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि तिथूनच हाक मारली, "अण्णा, हिरोजी उठंना झालाय. लगालगा ये!" आत काही ती आली नाही.

त्यानं त्या दिवशी काढा नेहमीपेक्षा दाट केला. दानम्माचा बैल होता ना! हिरोजीची मान लुळी पडली होती. भीमण्णा म्हणून तिचा शेजारी, त्यानं शिंगं धरली. माणिकअण्णानं जीभ ओढली, नळी घातली आणि ओतलं. बैल गिळेना. त्यानं गळा चोळला, कपाळ थोपटलं, आणखी ओतलं. बैल एकदम ठसकला. मग घरघर लागली, नाकातून तेलाचा फेस आला, डोळे पांढरे झाले. ऊन डोक्यावर यायच्या आत हिरोजी मेला.

त्याच दुपारी तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर गावात आले. नरसिंहराव त्यांचं नाव, गुलबर्ग्याकडचे, शांत माणूस. रोगाची साथ ऐकून ते गावोगाव हिंडत होते. त्यांनी हिरोजीच्या नाकाकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं आणि माणिकअण्णाला बाजूला नेऊन सांगितलं. पण आमच्या गावात बाजूला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. "ह्या तापात जनावराचा गळाच लुळा पडतो," ते म्हणाले. "त्याला गिळता येत नाही. तुम्ही पाजलं ते पोटात न जाता फुफ्फुसात गेलं. काही पाजू नका. सावलीत ठेवा, कूस बदलत राहा, ओठ ओले करा. आणि ही संध्याकाळची बारीक चिलटं येतात ना, ती एकाला चावून दुसऱ्याला चावतात, त्यातून हा ताप पसरतो. धूर करा." मग म्हणाले, "तरणा बैल होता. न पाजता उठला असता."

माणिकअण्णानं एकच विचारलं, "सायेब, आदी जी मेली, ती बी अशीच काय?"

डॉक्टर म्हणाले, "ते आता कसं सांगणार?" भला माणूस, खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मेलेल्या बैलाचं काय करायचं? वरच्या आळीतला कुणीतरी बोलला, "ज्यानं मारला त्यानंच वढावा की. बापाचा धंदाच हाय त्येचा." बोलणारा कोण ते मला माहीत आहे, पण तोही आता मातीत गेलाय. माणिकअण्णा उठला आणि म्हणाला, "वढनार न्हाई. पुरीन." त्यानं दानम्माच्याच घरामागच्या रानाच्या कडेला, हिरोजी पडला होता त्या गोठ्याला लागूनच, खड्डा खणायला घेतला. काळी माती चिकट, ओली, खोऱ्याला सुटत नव्हती. गावातला एकही माणूस मदतीला गेला नाही. आमच्या वाड्यातलाही गेला नाही. वाडा त्याच्यावर वेगळ्याच कारणानं चिडला होता, की ठराव मोडून यानं मेलेल्या ढोराला हात लावलाच. वरचे म्हणत मारला, खालचे म्हणत बाटला. मधल्या चिखलात तो एकटा खणत होता. दानम्मा आली, बैलाच्या कपाळाला तिनं विभूती लावली, लिंगायत माणसाला पुरताना लावतात तशी, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रिकाम्या दावणीला पाखऱ्या बांधलेला होता. माणिकअण्णा बांधून निघून गेला होता. तिनं परत पाठवला नाही आणि ठेवून घेतला म्हणूनही कुणाला सांगितलं नाही. पुढं भीमण्णाच्या बैलाशी तिची सावड झाली. माणिकअण्णाचा तुकडा एक वर्ष तसाच पडून राहिला, मग तो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायला लागला. दानम्मा त्याच्याशी बोलायची बंद झाली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं.

नळी त्यानं फेकली नाही. एक दिवस उंबऱ्यावर बसून तापलेल्या सळईनं त्यानं आतलं पेर फोडलं, आणि नळी दोन्हीकडून मोकळी झाली. मी विचारलं, "हे काय करायलास अण्णा?" म्हणाला, "फुंकनी." त्या पावसाळ्यापासून दिवस मावळायला तो फुटक्या घमेल्यात गोवऱ्या, कडुलिंबाचा पाला आणि थोडं ओलं गवत घेऊन निघायचा आणि गोठ्यागोठ्याशी धुरी लावायचा. दोन-चार घरांनी लावू दिली, पुढं त्यांनाही डोळे चुरचुरतात म्हणून नको झाली. जनावर बसलं की तो अजून जायचा, पण 'पाजू नका' म्हणायचा, आणि हे कुणाला पटतच नव्हतं. घरातला जीव तडफडत असताना काहीतरी पाजल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. "पयले पाजायलास, आता नगं म्हनायलास. येड लागलंय काय तुला?" असं लोक म्हणत आणि दुसऱ्या गावचा पाजणारा आणत. हळूहळू त्याला बोलावणं बंद झालं. कोनाड्यातले ते फुटके कपही कुणी कुणी फेकून दिले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

एका गोठ्याशी मात्र त्याची धुरी कधी चुकली नाही. दानम्माच्या गोठ्याबाहेर तो घमेलं ठेवायचा, गुडघे टेकून नळीनं फुंकायचा, धूर आत वळला की उठून जायचा. आतून पाखऱ्या हंबरायचा. दानम्मा दारात बसलेली असायची. ती बोलायची नाही, हा बघायचा नाही. पण तिनं ते घमेलं कधी लाथाडलंही नाही. सकाळी त्यातली राख ओतून ते पालथं घालून ठेवलेलं असायचं.

काही वर्षांनी पुन्हा तसाच पाऊस झाला आणि पाखऱ्या बसला. मी तेव्हा सुट्टीला गावात होते. दानम्माच्या गोठ्यात माणसं जमली, पलीकडच्या गावचा पाजणारा बाटली घेऊन तयार बसला. माणिकअण्णाला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला आणि दाराबाहेर उभा राहिला. बैल त्यानं वाढवलेला, पण दावं आता तिचं. त्यामुळं तो आत पाऊल टाकेना. बाहेरूनच म्हणाला, "अक्का, काय बी पाजू नगा. तुमच्या पाया पडतो." भीमण्णा खेकसला, "एक मारलास ते बास झालं न्हाई व्हय?" दानम्मा बैलाशी बसली होती. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग बाटलीवाल्याला म्हणाली, "बेडा. नगं. तू जा." आणि इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोलली, "अण्णा, तू बस हितं."

तो बसला. त्यानं काही केलं नाही, आणि ते बघणं फार अवघड होतं. ऊन फिरलं की गोणपाटाची सावली फिरवायची, दोघांनी मिळून बैलाची कूस बदलायची, ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, संध्याकाळी धुरी. लोक येऊन बघून चुकचुकून जायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाखऱ्यानं मागचे पाय गोळा केले, दोनदा पडला आणि उभा राहिला. माणिकअण्णा ढसाढसा रडला. आता इथं मी लिहायला हवं की दानम्मानं त्याला घरातल्या तांब्यातून पाणी दिलं. नाही दिलं. चहा आला तो त्याच कान तुटलेल्या कपात. तिच्या घरचा तो कप तेवढा कुणी फेकला नव्हता. पण ती एवढं बोलली: "बैल तुझाच हाय. ने." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अक्का. धुरीला येतोच की म्या." गाव यातून काही शिकलं म्हणता? छे. 'पाखऱ्याचं आयुष्य होतं' म्हणालं.

त्यानंतर पाखऱ्या म्हातारा होऊन मेला, माणिकअण्णा वाकला, दानम्मालाही काठी लागली. धुरी चालू राहिली. गोठ्यात जनावर नव्हतं तरी चालू होती. मी एकदा विचारलं, "आता कुनासाठी?" तो म्हणाला, "अक्काला बी चावतेत की."

एका पोळ्याच्या आधी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, लाळ गळत होती. आईला कुडापलीकडून भाकरीचा आवाज आला नाही म्हणून कळलं. तिनं मला निरोप धाडला, मी आले. वाड्यातल्या बायका भोवती जमल्या होत्या. डोळे उघडे होते त्याचे, सगळं कळत होतं. संध्याकाळ व्हायला आली तशी चिलटं आली. ती डोळ्यांच्या कडांना बसत होती आणि त्याला हात उचलता येत नव्हता. जगदेवी नावाची आमच्यातली वडीलधारी बाई पळी-भांडं घेऊन पुढं झाली. "जीव अडकलाय त्येचा. तोंडात पानी घाला, मोकळा हू द्या. आपुनच त्येचे लेकरं."

तेवढ्यात दाराशी काठी वाजली. दानम्मा होती. एवढ्या वर्षांत वाड्याच्या तोंडापलीकडं पाऊल न टाकलेली ती बाई घरात शिरली, त्याच्या उशाशी जमिनीवर बसली आणि तिनं जगदेवीचा हात धरला. "घालू नगा. गळा पडलाय त्येचा. पानी पोटात जात न्हाई, फुफ्फुसात जातंय."

"अव पन असंच मरू द्यायचं व्हय कोरड्या तोंडानं?" जगदेवी ओरडली.

दानम्मानं पळी-भांडं बाजूला सारलं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, मी हात लावला. पदराचं टोक भिजवून तिनं त्याचे ओठ पुसले. मग मला म्हणाली, "नळी कुठाय?" चुलीशीच होती. तिनं घमेल्यात गोवऱ्या रचल्या, पाला टाकला, आणि म्हाताऱ्या फुफ्फुसानं फुंकायला लागली. धूर झाला, चिलटं गेली. तो तिच्याकडं बघत होता. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "तिसऱ्या दिशी उठायचं बघ अण्णा. पाखऱ्या उठला तसं." रात्री ती परत गेली नाही. मी तिला चहा दिला तो आमच्या घरच्या कपात, आणि तिनं तो घेतला.

तिसरा दिवस आलाच नाही. दुसऱ्या सकाळी, ती कूस बदलत असताना, तो गेला.

गाव अजून सांगतं, माणक्या बिचारा पाण्याविना मेला, तोंडात पाणी घालायला त्याला कुणी नव्हतं. होतं. ती होती, आणि म्हणूनच तिनं घातलं नाही.